सॉफ्टवेअर बदलताना मशिनची निव्वळ किंमत चढवू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कंपन्यांनी एडिट लॉग (नोंदीतला प्रत्येक बदल टिपून ठेवणारी सोय) असलेलेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. तेव्हापासून नाशिकजवळच्या सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यातल्या अनेक लहान कंपन्यांनी जुने पॅकेज सोडून नवे घेतले आणि दर मार्चअखेरीला ही बदलाबदल अजून चालूच असते. त्यात येणी-देणी, स्टॉक, बँक यांच्या शिलका नीट येतात, कारण त्या चुकल्या तर दुसऱ्याच दिवशी कोणाचा तरी फोन येतो. मशिनरीच्या यादीसाठी फोन करणारे कोणी नसते. ती चुकते, ताळेबंद तरीही जुळतो, आणि पुढे कधीतरी मशिन विकायला काढले की त्याची मूळ किंमत कुठेच सापडत नाही. नव्या वर्षाच्या तोंडावर सॉफ्टवेअर बदलणाऱ्यांसाठी हे पत्र.

चुकीचे मूळ एका सवयीत आहे. जुन्या घसारा पत्रकात प्रत्येक मशिनसमोर ३१ मार्चची जी शिल्लक असते, म्हणजे घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) वजा जाता उरलेली निव्वळ किंमत, तीच नव्या सॉफ्टवेअरच्या ‘कॉस्ट’च्या रकान्यात टाकली जाते आणि खरेदीची तारीख म्हणून १ एप्रिल लिहिली जाते. एक रकाना, एक आकडा, काम संध्याकाळपर्यंत उरकते. बेरीज ताळेबंदाशी जुळते म्हणून सगळे खूश. वास्तविक मूळ किंमत आणि आजवरचा जमा घसारा हे दोन आकडे वेगवेगळे चढवायचे असतात, आणि तेही खऱ्या तारखेसकट.

फरक किती पडतो ते आकड्यातच पाहावे. एका पाळीत चालणारे सीएनसी लेथ घ्या. १८ जुलै २०१९ ला १८,००,००० रुपयांना घेतले आणि त्याच दिवशी चालू झाले. वर १८ टक्के जीएसटी ३,२४,०००, त्याचे क्रेडिट घेतलेले, म्हणजे तो आपल्या भरायच्या करातून वळता केलेला, म्हणून तो किमतीत धरायचा नाही. मालमत्तेची आयुष्ये सांगणाऱ्या कंपनी कायद्याच्या शेड्यूल दोनप्रमाणे आयुष्य १५ वर्षे, शेवटी ५ टक्के म्हणजे ९०,००० रुपये शिल्लक ठेवायचे. उरलेल्या १७,१०,००० ला १५ ने भागले की एसएलएम पद्धतीने (दरवर्षी सारखीच रक्कम) वर्षाचा घसारा १,१४,०००. पहिल्या वर्षी २५८ दिवस भरतात, तेही ३६६ दिवसांच्या वर्षातले, म्हणून ८०,३६१. पुढची पाच वर्षे पूर्ण. ३१ मार्च २०२५ ला जमा घसारा ६,५०,३६१ आणि निव्वळ किंमत ११,४९,६३९.

आता हेच ११,४९,६३९ ‘कॉस्ट’ म्हणून, १ एप्रिल २०२५ या तारखेने आणि १५ वर्षे आयुष्याने चढवा. सॉफ्टवेअर बिचारे त्याचेच ५ टक्के बाजूला काढते आणि वर्षाला ७२,८१० रुपये घसारा लावते. दरवर्षी ४१,१९० रुपयांनी नफा फुगतो आणि जुलै २०३४ मध्ये आयुष्य संपायला हवे ते मशिन पुस्तकात मार्च २०४० पर्यंत चालते. काही जण हुशारी करून तारीख खरी लिहितात, किंमत मात्र निव्वळच ठेवतात. ते आणखी वाईट. सॉफ्टवेअर मग २०१९ पासूनचा घसारा नव्याने मोजते आणि ४,१५,३७५ रुपये पहिल्याच महिन्यात खर्ची टाकते. एकदा कापलेला घसारा दुसऱ्यांदा कापला जातो आणि एप्रिलचा तोटा पाहून मालक सॉफ्टवेअरवाल्याला धारेवर धरतात.

डब्ल्यूडीव्ही पद्धतीत (दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के) ही चूक जास्त काळ लपून राहते. १५ वर्षे आयुष्य आणि ५ टक्के शिल्लक धरली की दर १८.१० टक्के येतो. तो दर हाताने टाकला असेल तर निव्वळ रकमेवरही पहिल्या वर्षाचा आकडा बरोबर येतो आणि कोणाला शंका येत नाही. पण बरीच सॉफ्टवेअर दर विचारत नाहीत, आयुष्य आणि शिल्लक टक्के विचारून दर स्वतः काढतात. अशा ठिकाणी निव्वळ किंमत, उरलेली ९ वर्षे आणि तिचेच ५ टक्के असे भरले, तर दर १८.१० वरून थेट २८.३१ टक्क्यांवर उडी मारतो. शेवटची ५ टक्के शिल्लक मूळ किमतीची असते, निव्वळ किमतीची नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तरी हा घोळ टळतो.

जमा घसारा जुन्या ऑडिट झालेल्या पत्रकातून जसाच्या तसा उचलावा, सॉफ्टवेअरला मोजू देऊ नये. याला पक्के कारण आहे. शेड्यूल दोन १ एप्रिल २०१४ पासून आले. त्याआधी जुन्या कंपनी कायद्याच्या शेड्यूल चौदाचे दर होते: साध्या मशिनरीला एका पाळीसाठी एसएलएम ४.७५ आणि डब्ल्यूडीव्ही १३.९१ टक्के. पाच हजारांपर्यंतची वस्तू तर त्याच वर्षी शंभर टक्के खर्ची पडत असे. २०१४ ला ज्यांचे नवे आयुष्य आधीच संपलेले होते, त्यांची शिल्लक अनेक कंपन्यांनी थेट राखीव निधीतून वजा केली. २००८ सालच्या पॉवर प्रेसला सॉफ्टवेअर सुरुवातीपासून आजचा नियम लावून बसले, तर त्याचा आकडा तुमच्या पुस्तकाशी कधीच जुळणार नाही. पाळीचेही तसेच. दुसऱ्या पाळीसाठी ५० टक्के, तिसरीसाठी १०० टक्के जादा घसारा त्या काळापुरता लावलेला असतो. कोणत्या वर्षी किती महिने तीन पाळ्या चालल्या हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार?

अगदी छोटी गोष्ट, पण सतावणारी: काही सॉफ्टवेअर लीप वर्षालाही ३६५ नेच भागतात. वरच्या लेथच्या पहिल्या वर्षाच्या घसाऱ्यात त्याने २२० रुपयांचा फरक पडतो. दोनशे मशिनांवर असे फरक साचले की जुळणी करणारा रात्रभर चुकीच्या जागी चूक शोधत बसतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. अपलोडची शीट उघडण्याआधी दोन जुळण्या हव्यात: रजिस्टर (मालमत्तेची वस्तूवार यादी) आणि लेजर (पुस्तकातले खाते) यांची, नंतर रजिस्टर आणि शॉपफ्लोअर (कारखान्यातली प्रत्यक्ष मशिने) यांची. टॅली वापरणाऱ्या बहुतेक कंपन्यांत मशिनरी हे एक लेजर असते आणि मशिनवार घसारा बाजूला एक्सेलमध्ये मोजलेला असतो. हे दोन्ही मूळ किंमत आणि जमा घसारा अशा दोन्ही बेरजांना, वर्गवार जुळले पाहिजेत. जुळत नाहीत तेव्हा दहापैकी आठ वेळा कारण एकच: जुनी वस्तू विकली तेव्हा लेजरमधून तिची मूळ किंमत न काढता फक्त आलेले पैसे जमा केलेले असतात. गाडी साडेसहा लाखांची, विकली ऐंशी हजारांना, लेजरमधून गेले ऐंशी हजार. रजिस्टरमधून गाडी गेली, लेजरमध्ये पाच लाख सत्तर हजार भुतासारखे बसून आहेत. आयकराच्या ब्लॉक पद्धतीत, म्हणजे एका दराच्या सगळ्या वस्तूंचा एकत्र हिशेब असतो तिथे, विक्रीची रक्कमच वजा होते, त्यावरून ही सवय लागते. मालकी हक्काच्या आणि भागीदारीच्या बहुतेक धंद्यांत पुस्तकेही आयकराच्याच दराने ठेवतात, तिथे हे खपते. कंपनीच्या पुस्तकात नाही.

शॉपफ्लोअरवरची फेरी टाळणाऱ्यांची संख्या मोठी. ज्या कंपन्यांना कॅरो २०२० (ऑडिटरने अहवालात काय लिहावे याचा सरकारी आदेश) लागू आहे, तिथे ऑडिटरला वस्तूंचे वर्णन, संख्या आणि ठिकाण यांची नोंद आहे का हे लिहावेच लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मेकर्स प्लेटवरचा सीरियल नंबर हाच पुढच्या सगळ्या कामाचा आधार असतो. तो मोबाईलवर फोटो काढून मग टिपावा. कूलंट उडते अशा मशिनवर कागदी स्टिकर टिकत नाही, तिथे रिव्हेट केलेली ॲल्युमिनियमची पट्टीच लावावी आणि ती कॉलमला किंवा बेडला लावावी. गार्ड किंवा दरवाजा उद्या बदलला जातो.

नाशिकच्या व्हेंडर कंपन्यांत आणखी एक गुंता असतो, डाय आणि फिक्स्चरचा. शॉपमध्ये रॅकवर ज्या डाय दिसतात, त्यांतल्या अनेक मोठ्या कंपनीच्या मालकीच्या असतात. टूलिंगचे पैसे त्यांनी दिलेले असतात. फेरीत दिसली म्हणून ती तुमच्या रजिस्टरात किमतीसकट चढवली, तर दुसऱ्याची मालमत्ता तुमच्या ताळेबंदात आली. तिची वेगळी, किंमत नसलेली यादी ठेवावी. उलट तुमच्या मालकीचे पॅटर्न आणि डाय जॉबवर्कवाल्याकडे पडून असतात, त्यांना ठिकाणाच्या रकान्यात त्याचे नाव हवे. एमआयडीसीचा प्लॉटही असाच फसवतो. तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, मालकीचा नव्हे. ‘जमीन व इमारत’ अशी एकच ओळ आणली तर एकतर जमिनीवर इमारतीचा ३० वर्षांचा घसारा लागतो किंवा इमारतीवर काहीच लागत नाही. प्लॉटचे प्रीमियम, शेड आणि रस्ता-कंपाउंड या तीन वेगळ्या ओळी करा.

शीटचे रकाने सॉफ्टवेअरगणिक बदलतात, पण एवढे तरी असावेत: मालमत्ता क्रमांक, वर्णन, वर्ग, ठिकाण, सीरियल नंबर, बिलाची तारीख, वापर सुरू झाल्याची तारीख, मूळ किंमत, घेतलेले जीएसटी क्रेडिट, जमा घसारा, एकूण आयुष्य, शेवटची शिल्लक रक्कम, घसाऱ्याची पद्धत. मूळ किमतीत क्रेनचे भाडे, फाउंडेशन, वाहतूक, बसवण्याचा खर्च हे सगळे येते. ते वेगळ्या ओळीत पडले असेल तर मशिनमध्ये मिळवा. जीएसटीबाबत उलटसुलट चुका होतात. मशिनला बिलाची पूर्ण रक्कम लावली जाते, वास्तविक क्रेडिट घेतलेल्या कराचा घसारा मिळत नाही. ऑफिसच्या मोटारीला मात्र क्रेडिटच मिळत नाही, म्हणून तिथे कर किमतीत धरावाच लागतो. क्रेडिटचा रकाना आणखी एका कारणासाठी हवा: पाच वर्षांच्या आत मशिन विकले तर दर तिमाहीला ५ टक्के कमी करत उरलेले क्रेडिट आणि विक्रीवरचा कर यांतली मोठी रक्कम भरावी लागते. निव्वळ किमतीने चढवलेल्या यादीत यातले काहीच सापडत नाही.

दोन तारखा वेगळ्या का, तर आपल्याकडे मशिनचे बिल ऑगस्टचे असते आणि पूजा दसऱ्याला होते. घसारा वापर सुरू झाल्यापासून. आयकरात वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच दर मिळतो आणि ही रेषा साधारण ३ ऑक्टोबरला पडते. दसरा कधी रेषेच्या अलीकडे, कधी पलीकडे. बिलाचीच तारीख दोन्हीकडे टाकली तर आयकराचा घसारा जास्त धरला जातो, आणि कमिशनिंगचा (मशिन चालू केल्याचा) रिपोर्ट मागितला गेला की उत्तर नसते.

एक्सेल स्वतःहून जे करते त्यावर वेगळे पत्र लिहिता येईल. संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकी असेल तर ०५/०२/२०२१ म्हणजे ५ फेब्रुवारी हे गुपचूप २ मे होते आणि मशिन दुसऱ्याच आर्थिक वर्षात जाते. १८/०७/२०१९ ला अठरावा महिना नसल्याने ती तारीख न होता नुसती अक्षरे राहते. म्हणजे निम्म्या तारखा उलटतात आणि निम्म्या नाकारल्या जातात. लोक नाकारलेल्या दुरुस्त करतात, उलटलेल्या तशाच जातात. ओळखायची खूण सोपी आहे: अलाइनमेंटला हात लावलेला नसेल तर खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, अक्षरे डावीकडे. रकान्यात काही उजवीकडे, काही डावीकडे दिसले की सगळाच रकाना तपासा. ‘००४१’ या क्रमांकाचा ‘४१’ होतो, ‘मार-१’ असा टॅग इंग्रजीत लिहिला की १ मार्च होतो, आणि पंधरापेक्षा जास्त आकड्यांच्या सीरियल नंबरचे शेवटचे आकडे शून्य होतात व परत येत नाहीत. हे रकाने टाइप करण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचे. मराठी वर्णने जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा आणि फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हे. सर्वांत महाग पडते ती मध्येच असलेली ‘एकूण’ची ओळ. सॉफ्टवेअर तिलाही एक मशिन समजते आणि मालमत्ता दुप्पट दिसते.

‘खुर्च्या, २०’ अशी एक ओळ करू नका. तीन मोडीत काढायची वेळ आली की अख्खी ओळ विकावी लागते. ज्यांचा घसारा पूर्ण झाला आहे त्या वस्तूही सोडायच्या नाहीत. मूळ किंमत, जमा घसारा आणि ५ टक्के शिल्लक घेऊन त्या आल्याच पाहिजेत. पतसंस्था आणि सहकारी संस्थांचे डेड स्टॉक रजिस्टर या एका बाबतीत पुष्कळ कंपन्यांच्या एक्सेलपेक्षा चांगले असते, हे कबूल करावे लागेल.

चढवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी मालमत्तेचे वर्ग आणि त्यांची लेजर खाती, मग ठिकाणे, मग वस्तू. ‘सातपूर’ आणि शेवटी स्पेस असलेले ‘सातपूर ’ ही सॉफ्टवेअरच्या लेखी दोन ठिकाणे. पहिल्यांदा खऱ्या कंपनीत हात घालू नका. तिची प्रत करून त्यात दहा ओळी चढवा, त्यांत हे असावेच: एक जमीन, एक पूर्ण घसारा झालेली वस्तू, एक २०१४ पूर्वीचे मशिन, एक गेल्या वर्षी मध्येच घेतलेले, एक तीन पाळ्यांचे. खऱ्या कंपनीत एडिट लॉग चालू असल्याने तिथली प्रत्येक खोडाखोड कायम राहते आणि ऑडिटर त्याबद्दल विचारतो. १४३ व्या ओळीवर अपलोड अडकले तर फाइल पुन्हा पहिल्यापासून देऊ नका, आधीच्या १४२ दोनदा येतील. मालमत्ता क्रमांक एकमेव असावा ही अट चालू असेल तर हे आपोआप अडते.

सॉफ्टवेअरवाल्याला एक प्रश्न लेखी विचारा: रजिस्टर चढवताना लेजरमध्ये नोंद पडते की नाही? काहींत पडते, काहींत नाही. ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्झिस्टिंग ॲसेट’ (जुनी मालमत्ता) अशी खूण करून वस्तू आणली तर लेजरला नोंद होत नाही, सुरुवातीच्या शिलका वेगळ्या टाकाव्या लागतात. जिथे नोंद आपोआप पडते तिथे शिलकाही हाताने टाकल्या की मशिनरी दुप्पट आणि समोर एका सस्पेन्स (न जुळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या) खात्यात तेवढीच रक्कम. ती कॅपिटल खात्यात ढकलून मोकळे होणारेही आहेत.

आयकराचा हिशेब यात मिसळू नये. तो वस्तूवार नसतो, ब्लॉकवार असतो: मशिनरी १५, संगणक ४०, फर्निचर १० टक्के. गेल्या वर्षीच्या टॅक्स ऑडिटच्या तक्त्यातली ब्लॉकची अखेरची शिल्लक तशीच आणावी. सॉफ्टवेअर वस्तूवार मागते म्हणून ती अंदाजाने वाटून टाकणे म्हणजे पुढच्या प्रत्येक विक्रीला खोटा नफा-तोटा दाखवणे.

सगळे चढल्यावर एप्रिलचा घसारा पोस्ट न करता, म्हणजे पुस्तकात न नोंदवता, फक्त काढून पाहा आणि दहा मशिनांचा हाताने ताडून पाहा. वरच्या लेथचे एप्रिलचे आकडे दिवसांवर मोजले तर १,१४,००० गुणिले ३० भागिले ३६५, म्हणजे ९,३७०. महिन्यावर मोजले तर ९,५००. दोन्हींपैकी एकही येत नसेल तर तारीख, आयुष्य किंवा किंमत यांतले काहीतरी चुकले आहे आणि पुढे जायचे नाही. घसारा एकदा पोस्ट झाला की अनेक सॉफ्टवेअरमध्ये त्या ओळीची मूळ किंमत बदलता येत नाही.

निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांकडे आमची एक मागणी आहे. वर लिहिलेल्या रकान्यांची, भरलेल्या दहा नमुना ओळींसकट एक मराठी एक्सेल फाइल त्यांनी सभासदांना द्यावी; शहरातल्या कोणत्याही सीए कार्यालयाला ती करायला अर्धा दिवस पुरेल. आणि मालकांनी सॉफ्टवेअरचे कोटेशन घेतानाच त्यात एक ओळ घालून घ्यावी: ‘मूळ किंमत व जमा घसारा वेगवेगळे चढवून, वर्गवार जुळणी सही करून दिल्यावरच शेवटचा हप्ता.’

आपले,
हिशेब व लेखापरीक्षणाच्या कामातील काही वाचक,
सातपूर, नाशिक